मातीशी नाते सांगणारा शिक्षक : महात्मा जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे मुलींची पहिली शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद आणि सत्यशोधक समाज उभा राहतो. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तथागत बुद्ध आणि संत कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. हे सारे आपण जाणतो. तथापि जोतीरावांच्या चरित्राची एक बाजू आपल्या सभा-संमेलनांतून फारशी बोलली जात नाही. खेड्यातील प्राथमिक शिक्षक कोण असावा, त्याला प्रशिक्षण कोणते मिळावे आणि त्याने मुलांना काय शिकवावे, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. त्या विचारात इतिहास आणि भूगोल या विषयांना स्थान होते, आणि भूगोलाला तर मातीचा वास होता.

या स्मरणिकेच्या वाचकांत जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. काही जण अध्यापक विद्यालयांतून उद्याच्या समाजशास्त्र शिक्षकांना घडवीत आहेत. जोतीरावांचे चरित्र या बाजूने पाहण्याचे प्रयोजन एवढेच की, त्यांनी मागितलेला शिक्षक म्हणजे बहुजनांच्या घरातून आलेला आणि रीतसर शिकून तयार झालेला शिक्षक होय. असा शिक्षक आज आपल्याच वसतिगृहांतून निघू शकतो.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लवकर निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी बाळ जोतीला वाढविले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे, या लोकांच्या बोलण्याने शाळा सुटली आणि जोती शेतात काम करू लागला. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती तर महाराष्ट्राचा इतिहास निराळा झाला असता. १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाला.

शाळा सुटल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा मधला काळ चरित्रकार एका वाक्यात संपवतात. परंतु वाफे, पाट, मोट, खत आणि हंगाम यांची ओळख ज्याला हातांनी झाली, त्याला नंतर पुस्तकातील भूगोल कोरडा वाटणे शक्य नव्हते. त्या काळी मिशनच्या शाळांतून नकाशा आणि पृथ्वीगोल यांच्या साहाय्याने भूगोल शिकविला जाई. मेरू पर्वत आणि दुधा-तुपाचे समुद्र यांच्यावर वाढलेल्या समाजात पृथ्वी गोल आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, हे सांगणे म्हणजे पोथीच्या अधिकारालाच हात घालणे होते. भूगोलाचा पहिला धडा हा त्या काळी समाजसुधारणेचाही धडा होता.

१८४७ साली जोतीरावांचे शालेय शिक्षण संपले. त्याच सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी अभ्यासला. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. अपमानाने मन पेटले होते. शाळा पाहून कामाची दिशा ठरली.

पहिली प्रशिक्षित शिक्षिका

मुलींची शाळा काढायची तर शिकवणार कोण, हा पहिला प्रश्न होता. बाहेरून शिक्षिका मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून जोतीरावांनी घरापासून प्रारंभ केला. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई १८४० साली त्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना आणि सगुणाबाईंना शिकविले. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी सावित्रीबाईंच्या अध्यापनास हातभार लावला. नगरच्या फॅरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले.

या क्रमाकडे आपण लक्ष दिले पाहिजे. नुसत्या उत्साहावर शाळा चालत नाही, शिकविणाऱ्याला आधी शिकावे लागते, हे जोतीरावांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी ओळखले होते. सावित्रीबाईंनी दगड-शेणाचा मारा सोसला, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. त्याच्याइतकेच आवर्जून सांगण्याजोगे हे आहे की, त्या तयारीनिशी वर्गात गेल्या होत्या.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरी आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहशिक्षिका झाल्या. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा निघाली. त्यानंतर रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथे शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. वाचन, लेखन, अंकगणित आणि व्याकरण यांच्याबरोबर भूगोलही या मुलामुलींना शिकविला जाई. ज्यांना गावातील सगळ्या वाटांनी चालण्याचीही मोकळीक नव्हती, त्यांच्या हातात देशाचा आणि खंडांचा नकाशा आला. याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आपली वस्ती, आपली जमीन आणि आपले हाल यांचा हिशेब मागण्याची भाषा त्या लहान मुलीला शाळेने दिली होती.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी रात्रीची शाळा काढली. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत जोतीरावांनी काही वर्षे शिक्षक म्हणून काम केले. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरीही बाहेरगावची मुले राहून शिकत. निवासी शिक्षणाची जी वाट आज आपली संस्था चालत आहे, तिच्यावर या दांपत्याची पावले आधीच उमटली आहेत.

हौद, कालवा आणि दुष्काळ

१८६३ साली फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला, २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ : हा कार्यक्रम सर्वांना ठाऊक आहे. मात्र जोतीराव उपजीविकेसाठी बांधकामाचे कंत्राटदार होते, हे अनेकांना ठाऊक नसते. खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला. पाणी कोठून येते, ते कोठे अडवता येते, दगड कोणता टिकतो, मजुराला कष्ट किती पडतात आणि अधिकाऱ्याच्या खिशात किती जाते, हे त्यांनी जवळून पाहिले. कालव्याचे पाणी आल्यावर पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी बागायती शेती करून दाखविली.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे अनाथ मुलांच्या अन्नाची आणि निवाऱ्याची व्यवस्था केली. पाऊस न पडणे ही निसर्गाची गोष्ट आहे. पण पाऊस न पडल्यावर कोण मरतो आणि कोण तरतो, हे समाजरचना ठरवते. जोतीरावांच्या पुढील लेखनात हा भेद स्पष्ट झाला. ते १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि गरिबांच्या वस्तीतील पाणी-आरोग्याचे प्रश्न तेथेही त्यांच्या समोर होते.

हंटर आयोगापुढे

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय शिक्षण आयोग नेमला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगाला आपले निवेदन सादर केले. शिक्षक म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाने हे निवेदन एकदा तरी मुळातून वाचावे.

त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही आणि सुमारे १० लाख मुले शाळेवाचून आहेत, असे म्हटले जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांनी मागणी केली. जेथे जातीच्या पूर्वग्रहामुळे महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू दिले जात नाही, तेथे त्यांच्यासाठी शाळा काढाव्यात, असेही सांगितले.

दुसरा मुद्दा शिक्षकाचा. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घेऊन तयार करावेत, असे जोतीरावांचे म्हणणे होते. धार्मिक सोवळ्यामुळे मुलांपासून दूर बसणारा शिक्षक त्यांना शिकवू शकत नाही. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटत नाही आणि जो खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळतो, असा शिक्षक त्यांना हवा होता. त्याच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. अप्रशिक्षित शिक्षक फार कुशल नसेल तर त्याच्या जागी प्रशिक्षित नेमावा. पगार १२ रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ किंवा २० रुपये असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदविणे, टपाल सांभाळणे अशी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल, अशीही त्यांची सूचना होती.

तिसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. खेड्यातील शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण त्यांचा व्यवहारातील उपयोग कमी होता कामा नये. शेतीच्या पाठांसाठी शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे.

भूगोल, शेती आणि आरोग्य हे तीन विषय या यादीत शेजारी-शेजारी आले आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. जमीन कशी आहे, पाणी कोठून येते आणि ते स्वच्छ कसे राखावे, हे एकाच प्रश्नाचे तीन भाग आहेत. आज परिसर अभ्यास या नावाने जे शिकविले जाते, त्याचा आराखडा एका माळ्याच्या मुलाने १८८२ साली मांडला होता.

‘आसूडा’तील भूगोल

पुढच्याच वर्षी, १८८३ साली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. हा ग्रंथ शेतकऱ्याच्या लुटीची कैफियत आहे, तसाच तो महाराष्ट्राच्या भूमीचे वर्णनही आहे. डोंगरावरील पालापाचोळा, मेलेल्या किडामुंगीचे आणि जनावरांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतात कसे पसरत आणि जमीन कशी सकस होई, हे जोतीराव समजावून देतात. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यावर गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांचा चारा कसा तुटला, हेही सांगतात. दर तीस वर्षांनी होणारी पाहणी आणि तिच्या नावाखाली वाढणारा सारा यांवर त्यांनी कठोर टीका केली. सरकारचा नकाशा सारा आकारण्यासाठी होता. जोतीरावांना शेत जगविणारा नकाशा हवा होता.

त्यांचे उपायही तितकेच नेमके आहेत. फौज आणि पोलीस यांतील रिकाम्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळेल. डोंगरटेकड्यांच्या खोऱ्यांत तलाव बांधावेत. नदी-तळ्यांतील गाळ शेतकऱ्याला उचलू द्यावा. पाण्याचे झरे जाणणाऱ्यांकडून शिवाराची पाहणी करून विहिरींच्या जागा दाखवाव्यात. पाणलोट विकासाचे जे कार्यक्रम आज गावोगाव राबविले जातात, त्यांतील मूळ कल्पना येथे दिसते.

याच ग्रंथात ग्रहणाच्या आणि ग्रहदशेच्या नावाने शेतकऱ्याकडून दान उकळणाऱ्या भटशाहीची त्यांनी झडती घेतली. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या गतीचा धडा ज्याला समजला, त्याला ग्रहणाची भीती घालता येत नाही. प्राथमिक भूगोलाचे सामाजिक मोल याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या श्रमिक जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालविले आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

खानदेशच्या वर्गात जोतीराव

जोतीरावांचे निवेदन आयोगापुढे गेले तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्याची सीमा माणसे आखतात आणि बदलतात, हे भावी शिक्षकाने आधी समजून घ्यावे. मग गावाची आणि गावकुसाची सीमाही माणसांनीच आखली आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अध्यापक विद्यालयांत भूगोलाचा पाठ म्हणजे पुष्कळदा तयार नकाशा रंगविणे आणि नद्यांची नावे पाठ करणे एवढाच उरतो. जोतीरावांच्या पद्धतीने शिकवायचे तर खानदेशात सामग्रीची वाण नाही. महाराष्ट्राच्या पठारावरील गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात आणि आपली तापी मात्र सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला का जाते, हा प्रश्न विचारला की खचदरीचा धडा सुरू होतो. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या मुलांच्या पायाखालच्या आहेत. काळी जमीन फाटते का, कापसाला ती का मानवते, केळीला पाणी किती लागते आणि त्या पाण्यासाठी विहिरी किती खोल गेल्या, हे घरच्या माणसांना विचारूनच मुले शिकू शकतात.

पांझरेच्या काठची फड पद्धत तर जोतीरावांच्या बंधाऱ्याचे जिवंत उदाहरण आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक आणि पाणी वाटण्यासाठी पाटकरी, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली. एवढे शिकवून शिक्षकाने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : या फडात कोणाची जमीन होती आणि कोण केवळ राबत होता? हा प्रश्न विचारला नाही तर तो भूगोल अर्धाच राहतो.

दिशा आणि अक्षांश शिकविण्यासाठी महागडे साधन लागत नाही. धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि अंगणात रोवलेल्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैमध्येही असा दिवस येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. भावी शिक्षकाने ही काठी स्वतः रोवून वर्षभर सावली मोजली, तर त्याला ऋतू पाठ करावे लागणार नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा पाठ गावाच्या नकाशाचा. गावाचा नकाशा काढताना शाळा, मंदिर, चावडी दाखवून मुले थांबतात. महारवाडा, मांगवाडा, भिल्लवस्ती कोठे आहे, वस्तीपासून पाणवठा किती पावलांवर आहे, पावसाळ्यात कोणाचा रस्ता बंद होतो, स्मशानभूमी कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे त्या नकाशावर आले पाहिजे. सातपुड्यातील पाड्यावरून आलेल्या मुलाला वर्गातील नकाशात आपला पाडा सापडत नसेल, तर तो देशही आपला मानणार नाही. जोतीरावांनी हौद खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी हाती घेतले. पाणवठा नकाशावर कोठे आहे आणि तो कोणाचा आहे, हा आपल्या चळवळीचाच प्रश्न होता. धुळ्याजवळच्या लळिंगच्या ज्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेबांचे वास्तव्य झाले, तेथे आपण दरवर्षी जातो. तेथवर जाताना मुलांना लळिंगचा डोंगर, त्याच्या पायथ्याची वाट आणि कुरणही दाखवावे.

असा पाठ कोण देऊ शकेल? ज्याने ती वस्ती आतून पाहिली आहे आणि ज्याला विषयाचे रीतसर ज्ञान आहे, तोच. जोतीरावांनी या दोन अटी एकत्र घातल्या होत्या. नुसते आपल्या जातीचे असणे पुरत नाही आणि नुसती पदवीही पुरत नाही. वसतिगृहात राहून शिकलेल्या, सुट्टीत शेतात राबलेल्या आणि आई-वडिलांच्या कष्टाची लाज न बाळगणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपाशी पहिली अट जन्मापासून आहे. दुसरी अभ्यासाने मिळवायची आहे. ती मिळविण्यात कुचराई करणे म्हणजे जोतीरावांची मागणी आपणच मागे घेणे होय.

पालकांनाही एक विनंती. मुलाने शिक्षक व्हायचे ठरविले तर ते कमीपणाचे मानू नका. १८८२ साली ज्या शिक्षकासाठी जोतीरावांनी सरकारकडे १२ रुपये पगार आणि गावात मान मागितला, तो शिक्षक आपल्याच घरातला होता. त्याच्या हाती खडू आणि नकाशा द्या, आणि घरच्या नांगराची ओळखही राहू द्या.

क्रांतिबा जोतीराव आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन! जय जोती, जय भीम!